बारदानासकट वजन

नोबेलियम हे नाव मुळात एका चुकीतून पडलंय. १९५७ साली स्टॉकहोमच्या नोबेल इन्स्टिट्यूटमध्ये क्युरियमवर कार्बनचा मारा करून १०२ क्रमांकाचं मूलद्रव्य मिळाल्याचं जाहीर झालं. पुरावा काय, तर ८.५ एमइव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे अल्फा कण आणि दहा मिनिटांचं अर्धायुष्य. अमेरिकेतल्या बर्कलीत तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तर काहीच हाती लागलं नाही. १०२चे जेवढे समस्थानिक आज माहीत आहेत त्यांतल्या एकाशीही ते वर्णन जुळत नाही. खऱ्या शोधाचं श्रेय पुढे १९६०च्या दशकातल्या कामासाठी रशियातल्या दुबनाकडे गेलं, पण तोवर नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. १९९७ साली तेच कायम झालं.

हा किस्सा मला माझ्या गाइडबाईंनी सांगितला. कधी, तर मी स्वतः अशीच एक अल्फा रेषा, म्हणजे ठरावीक ऊर्जेच्या अल्फा कणांचं शिखर, त्यांच्यापुढे नेऊन ठेवली तेव्हा.

मी बार्शीची. घरी अडतीचं दुकान, तूर आणि ज्वारी. पुण्यात एमएस्सी केलं आणि पीएचडीला फिनलंडमध्ये युवास्क्युला विद्यापीठाच्या प्रवेगक प्रयोगशाळेत आले. विषय अतिजड केंद्रकांचा ऱ्हास आणि रचना. निघताना आप्पांनी विचारलं होतं, "म्हंजे बाँब का गं?" म्हटलं, बाँबला लागतात तेवढे अणू आम्हाला सात जन्मांत मिळायचे नाहीत. आम्हाला मिळतो पाच-सात सेकंदांनी एक. यावर त्यांनी जे विचारलं ते आजवर एकाही भौतिकशास्त्रज्ञाने मला इतकं थेट विचारलेलं नाही: "मग परवडतं कसं?"

परवडत नाहीच. आम्ही शिशाच्या पातळ पापुद्र्यावर कॅल्शियम-४८च्या केंद्रकांचा मारा करतो. शिसं ८२, कॅल्शियम २०, मिळून १०२. साधा हिशेब. पण निसर्गातल्या कॅल्शियममध्ये हा ४८वाला फक्त ०.१८७ टक्के असतो. तो वेगळा काढलेला घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत ऐकली तर सराफ बाजारसुद्धा स्वस्त वाटेल. त्याच्याशिवाय भागत नाही, कारण त्याच्यात न्यूट्रॉन जास्त असतात आणि दोन केंद्रकं एकमेकांत मिसळल्यावर जे तयार होतं ते फारसं तापत नाही. तापलं की फुटतं. दोन न्यूट्रॉन बाहेर टाकून थंड झालं तर नोबेलियम, नाहीतर फिशन होऊन दोन तुकडे. मी कागदावर मांडून पाहिलं होतं: आमच्या टार्गेटच्या, म्हणजे त्या शिशाच्या पापुद्र्याच्या, जाडीला साधारण सत्तर हजार कोटी कॅल्शियम केंद्रकं सोडावीत तेव्हा एक नोबेलियम-२५३ तयार होतं. बाकीची सगळी शिशातून तशीच आरपार.

शिसं ३२७ अंशांना वितळतं. बीम, म्हणजे कॅल्शियमचा झोत, एकाच जागी पडत राहिला तर पापुद्रा वितळून जाईल, म्हणून टार्गेट एका चाकावर बसवून फिरवत ठेवतात. प्रयोगानंतर चेंबर उघडल्यावर पहिल्यांदा ते चाक बघितलं. बीम जिथून जिथून गेला तिथे करड्या चकाकत्या शिशावर पुसट तपकिरी कड उमटली होती. तव्यावर भाकरीची राहते तशी.

आता या न संपणाऱ्या कॅल्शियमच्या लोंढ्यातून ते एक केंद्रक वेगळं काढायचं. त्यासाठी टार्गेटच्या पुढे चुंबकांची रांग आहे: एक चतुर्ध्रुव, मग बीम वळवणारा मोठा द्विध्रुव, मग पुन्हा दोन चतुर्ध्रुव. आत निर्वात पोकळी नाही, विरळ हेलियम आहे, हवेच्या दाबाच्या साधारण हजाराव्या भागाइतका. नवखं माणूस इथे हमखास अडखळतं. सगळीकडे निर्वात करायला जीव टाकतात आणि इथे मुद्दाम वायू? कारण असं की टार्गेटमधून बाहेर पडलेल्या प्रत्येक नोबेलियमवर वेगवेगळा विद्युतभार असतो. पोकळीत प्रत्येक भाराचं केंद्रक वेगळ्या वाटेने वळलं असतं आणि निम्म्याहून अधिक भिंतीवर आपटली असती. हेलियमच्या अणूंशी घासत, इलेक्ट्रॉन देत-घेत जाताना सगळ्यांचा सरासरी भार सारखा होतो आणि सगळी जवळपास एकाच वाटेने वळतात. कॅल्शियम मात्र वेगळ्या वाटेने जाऊन अडतो. हा सगळा प्रवास मायक्रोसेकंदाच्या आसपास उरकतो.

शेवटी सिलिकॉनचा डिटेक्टर. पाव मिलिमीटरहून थोडा जाड, पुढून उभ्या पट्ट्या, मागून आडव्या, एक-एक मिलिमीटर रुंदीच्या. म्हणजे बारीक चौकटींचा कागदच. नोबेलियम येऊन एका चौकटीत काही मायक्रॉन आत रुतून बसतं. मग वाट पाहायची. नोबेलियम-२५३चं अर्धायुष्य सुमारे १.६ मिनिटं. तेवढ्यात कधीतरी ते अल्फा कण टाकतं, आणि अल्फाची ऊर्जा त्याच चौकटीत नोंदली जाते. सिलिकॉनच्या पुढे एक गॅस काउंटर असतो. बाहेरून काही आलं तर आधी तो बोलतो. तो गप्प असताना सिलिकॉन बोललं, तर समजायचं की आत बसलेलंच कोणीतरी फुटलं. मागच्या बाजूला जर्मेनियमचे डिटेक्टर, गॅमा आणि क्ष-किरण पकडायला.

एवढा खटाटोप कशासाठी, हे दोन वाक्यांत. केंद्रक म्हणजे द्रवाचा थेंब असं धरलं, तर १०४च्या आसपास विद्युतभाराच्या रेट्याने ते जागच्या जागी फुटायला हवं. फुटत नाही, कारण आत प्रोटॉन-न्यूट्रॉन ठरावीक कक्षांमध्ये बसतात आणि त्या बैठकीमुळे थोडी जास्तीची बळकटी मिळते. ११४, १२०, की १२६ प्रोटॉनांजवळ ही बळकटी पुन्हा वाढते यावर सिद्धान्तवाल्यांचं अजून एकमत नाही. तिथली केंद्रकं इतकी थोडी मिळतात की थेट पाहणं कठीण. पण नोबेलियम-फर्मियमची केंद्रकं गोल नसतात. न सोललेल्या नारळासारखी लांबट असतात, आणि त्या लांबटपणामुळे वरच्या मजल्यावरच्या काही कक्षा खाली उतरून आपल्या हाताशी येतात. वरच्या मजल्याचा अंदाज खालून घ्यायचा.

माझ्या वाट्याला नोबेलियम-२५३ आलं. नवं नव्हतंच. जर्मनीत, दुबनात, इथेसुद्धा ते आधी अभ्यासलेलं. शिकाऊ माणसाला ओळखीच्या रस्त्यावर गाडी चालवायला देतात तसं. बीम टाइमच्या, म्हणजे प्रयोगासाठी बीम मिळतो त्या दिवसांच्या, आधीचा आठवडा मी कॅलिब्रेशनमध्ये घालवला. प्लुटोनियम, अमेरिशियम आणि क्युरियम असा तिहेरी स्रोत डिटेक्टरसमोर ठेवला, ओळखीच्या तीन रेषा आल्या, मोजपट्टी तयार. प्रयोग सुरू झाल्यावर पहिल्याच दिवशी सगळ्या अल्फा माहीत असलेल्या ऊर्जेपेक्षा पन्नासेक केइव्ही जास्त दिसायला लागल्या. केइव्ही म्हणजे किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, एमइव्हीचा हजारावा भाग.

चूक माझीच होती, आणि नवख्यांची नेहमीचीच. बाहेरून येणारी अल्फा डिटेक्टरच्या वरच्या निर्जीव थरात थोडी ऊर्जा हरवून येते. आतून निघणारीला ते भरावं लागत नाही. वर आणखी एक: आतलं केंद्रक अल्फा फेकताना स्वतः मागे झटका खातं, बंदुकीसारखं. हा झटका सुमारे १३० केइव्हीचा, आणि सिलिकॉनला त्यातला चौथाई-तिसरा हिस्सा जाणवतो. बाहेरच्या स्रोताचा झटका स्रोतातच राहतो. आप्पांच्या भाषेत, तराजूला पासंग होता आणि मी तो न बघताच वजन करत सुटले होते. उपाय जुनाच आहे: डिटेक्टरमध्येच रुतवलेल्या ओळखीच्या केंद्रकांवर मोजपट्टी पुन्हा बसवायची. दोन रात्रीत ते केलं आणि मुख्य रेषा ८ एमइव्हीजवळ, जिथे असायला हवी तिथे आली.

आता त्या रेषेबद्दल. नोबेलियम-२५३मध्ये न्यूट्रॉन १५१. जोड्या लागून एक उरतो. अल्फा बाहेर पडताना दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन घेऊन जाते, आणि सहसा जोडीतले घेते. एकटा बसलेल्याला सहसा उठवत नाही. तो आपल्या कक्षेत तसाच राहतो. पण मुलीच्या, म्हणजे फर्मियम-२४९च्या घरात ती कक्षा सगळ्यात खालची नाही. म्हणून मुलगी जन्मतःच २८० केइव्ही वर, उत्तेजित अवस्थेत जन्मते आणि लगेच गॅमा टाकून खाली उतरते. २७९.५ केइव्हीचा गॅमा थेट तळमजल्यावर नेतो. अल्फा आणि गॅमा एकत्र पकडले की न्यूट्रॉन कुठल्या कक्षेत होता हे कळतं.

नोव्हेंबरातली शिफ्ट, रात्री बारा ते सकाळी आठ. बाहेर तळ्याच्या काठाला बर्फ धरायला लागलेलं. कंट्रोल रूममध्ये मी आणि कॉफीचं मशीन. राई ब्रेडला आईने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी लावून खात होते. त्या खोलीत तिचा वास दोन दिवस राहिला, कोणी काही म्हणालं नाही, फिनिश माणसं म्हणतही नाहीत. पडद्यावर अल्फांचा आलेख भरत होता. पहाटे कधीतरी लक्षात आलं की मुख्य शिखराच्या उजवीकडे एक खांदा वर येतोय. साधारण चाळीस-पन्नास केइव्ही वर. तासाभराने पाहिलं, तर आणखी वर. मी शिफ्टच्या वहीत लिहिलं: "८.०५च्या जवळ काहीतरी?" प्रश्नचिन्ह आधी दोन काढली होती, एक खोडलं.

प्रयोग संपल्यावर सगळा डेटा नीट लावला. खांदा होताच. मग मी गॅमाची अट घातली: ज्या अल्फांबरोबर २७९.५चा गॅमा आला त्याच दाखव. स्वच्छ, सडपातळ शिखर ८ एमइव्हीला. मग दुसरा ठळक गॅमा, २२१.५. त्याच्याबरोबरच्या अल्फा बरोब्बर खांद्यावर!

माझी खात्रीच पटली. हिशेब बघा ना. गॅमा ५८ने कमी, अल्फा जवळपास तेवढीच जास्त, बेरीज तीच. म्हणजे फर्मियम-२४९मध्ये २२१.५ केइव्हीला आणखी एक अवस्था आहे आणि नोबेलियम सरळ तिच्यावर उतरतंय. नवी अवस्था, नवी कक्षा, नवी रेषा! ऊर्जेचा ताळेबंद जुळत होता. दोन दिवस मी कोणाला सांगितलं नाही. मिठाई वाटायच्या आधी पेढे मोजावेत तशी स्वतःशीच आकडे मोजत बसले. तिसऱ्या दिवशी आलेख छापून गाइडबाईंच्या टेबलावर ठेवला. (इथे प्रोफेसरलाही पहिल्या नावाने हाक मारतात. मला वर्षभर ते जमलं नाही. तोंडाने नाव घ्यायचे, मनात बाई.)

बाईंनी बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही शिखरांवर पेन्सिलने रुंदी काढली. डावं २५ केइव्हीच्या आसपास. उजवं जवळपास दुप्पट, आणि एका अंगाला कललेलं. त्यांनी एवढंच विचारलं, "दोन्ही त्याच डिटेक्टरने मोजलेत ना? मग याचंच पोट का सुटलंय?" आणि मग स्टॉकहोमचा तो किस्सा, चहा पिता पिता. त्यांनी माझी रेषा खोटी आहे असं म्हटलं नाही. मला ते जास्त लागलं.

पुढचे तीन महिने मी माझ्याच रेषेच्या मागे लागले. आधी वाटलं, शेजारच्या पट्ट्यांमध्ये ऊर्जा विभागली जात असेल. तशा नोंदी काढून टाकल्या, पोट तसंच. मग वाटलं, काही पट्ट्यांचं कॅलिब्रेशन सरकलं असेल. एकेक पट्टी तपासली. एक पट्टी खरंच आजारी निघाली, ती काढली, पोट तसंच. मग मी जर्मेनियमच्या डेटाकडे वळले आणि २२१.५च्या नोंदींमध्ये कमी ऊर्जेकडे पाहिलं. तिथे वीस केइव्हीच्या आसपास थोडेसे ठिपके होते. गोंगाट म्हणून मी ते महिनाभर दुर्लक्षिले होते. २७९.५च्या नोंदींमध्ये ते जवळपास नव्हतेच.

ते फर्मियमचे एल क्ष-किरण होते. ते येतात तेव्हा अर्थ एकच: अणूच्या आतल्या एल थरातला इलेक्ट्रॉन कोणीतरी उखडून बाहेर फेकलाय.

मग सगळं उलगडलं. २२१.५वर कुठली स्वतंत्र अवस्था नाही. अल्फा दोन्ही वेळी त्याच २८०च्या अवस्थेवर उतरते. तिथून खाली यायला दोन जिने आहेत. एक थेट, २७९.५चा. दुसरा २२१.५ने आधी ५८च्या पायरीवर, ती फर्मियम-२४९च्या फिरण्याची पहिली पायरी, आणि तिथून तळाला. पण इतक्या जड केंद्रकात ५८ केइव्हीचा छोटा टप्पा गॅमा म्हणून क्वचितच सुटतो. केंद्रक ती ऊर्जा आपल्याच एखाद्या आतल्या इलेक्ट्रॉनच्या हातात देतं आणि तो सुटतो. अल्फा तर आधीच निघालेली. तिच्यामागून नॅनोसेकंदाच्या हिशेबात हा इलेक्ट्रॉन त्याच चौकटीत, त्याच सिलिकॉनमध्ये. डिटेक्टरच्या इलेक्ट्रॉनिक्सला एक नाडी, म्हणजे विजेचा एक ठोका, पुरी करायला मायक्रोसेकंद लागतात, त्याला हे दोघं वेगळे दिसतच नाहीत. तो दोघांची बेरीज करून एकच आकडा सांगतो.

आणि बेरीज दर वेळी सारखी नसते. इलेक्ट्रॉनचे तीसेक केइव्ही बहुतेक वेळा मिळतात. उरलेली ऊर्जा क्ष-किरण बनून निसटते, किंवा आणखी बारीक इलेक्ट्रॉन बनून आतच राहते. कधी इलेक्ट्रॉनच पृष्ठभागातून अर्धा बाहेर पळतो. म्हणून शिखराला पोट. ताळेबंद जुळत होता तोही यामुळेच: गॅमाच्या वहीतून गेलेले ५८ जवळपास सगळे अल्फाच्या वहीत जमा दिसत होते. मी ज्याला पुरावा समजत होते तो नुसता ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम होता. तो खोट्या रेषेलाही लागू पडतो.

बाईंना सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "आता हे गणिताने काढून दाखव." म्हणजे संगणकावर हुबेहूब डिटेक्टर उभारायचा, केंद्रक काही मायक्रॉन आत रुतवायचं, अल्फा सोडायची, इलेक्ट्रॉन सोडायचा, आणि बघायचं की पोट आपोआप सुटतं का. आणखी दीड महिना. सुटलं. केंद्रक किती खोल रुतलंय हा आकडा थोडा बदलला की पोटाचा आकार बदलायचा. तो बसवता बसवता आमच्या डिटेक्टरबद्दल मला जे कळलं ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये नव्हतं. दुसऱ्या संशोधकांच्या जुन्या शोधनिबंधांमध्ये ही बेरजेची गोष्ट आधीपासून लिहिलेली होती. मी तो परिच्छेद वाचला होता, पिवळ्या मार्करने रंगवलासुद्धा होता. पण तो दुसऱ्याच्या डेटाबद्दल आहे असं समजून पुढे गेले होते.

त्या रविवारी आप्पांना फोन केला. तिकडे संध्याकाळ, तुरीचा हंगाम, मागे हमालांचा आवाज. म्हटलं, आप्पा, नवीन काही सापडलं नाही, मी चुकून बारदानासकट वजन धरत होते.

"आणि लक्षात कसं आलं न्हाई तुज्या? अडत्याची पोरगी तू."

म्हटलं, पोतं दिसतच नव्हतं. नुसता आकडा दिसतो काट्यावर.

"हां, मग अवघड हाय." थोडा वेळ गेला. कुणाला तरी पावती फाड म्हणून सांगितलं. मग फोनवर परत येऊन, अगदी धंद्याच्या सुरात: "बारदान निघालं किती पर?"

"पन्नास किलो."

"काय सांगतीस! पन्नास किलोचं बारदान? आगं, पोतं किलोभराचं असतंय. माल किती होता मग?"

"आठ हजार."

आप्पा जरा थांबले. मनात टक्केवारी काढत असणार. "मग लई न्हाई," ते म्हणाले, "तरीबी वजा करत जा."